उठवलं होतं की मी!

कुठून सुरू करू? माझ्या मुलीला, वैशालीला, यातलं काही ठाऊक नाही. डॉक्टरांना नाही. तलावावरच्या मैत्रिणींना तर नाहीच, त्या मला अगदी सरळ बाई समजतात. इतकी वर्षं हे मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आज सांगायला बसले तर छाती अशी धडधडतेय! भीतीनेच म्हणा — पण नुसती भीती नाही हो. त्यात निम्मा उत्साह आहे. जे मला कबूल करायचं आहे ते माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या दिवसांत घडलं, त्याला मी काय करू? तो आनंद गाळून सांगितलं तर तेही खोटंच होईल. आणि खोटं मी पुष्कळ बोलून झालेय.

आधी आमच्या घरातल्या झोपेबद्दल सांगायला हवं. आमचे हे चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा दाबून त्याचे भाग काढतात ते खातं. तिथे दिवसभर धाड-धाड असा आवाज चालतो की माणूस ओरडूनच बोलायला शिकतो, आणि घरी आल्यावर मीठ मागायचं तरी ओरडूनच मागतो. मी लग्न होऊन लातूरकडून थेट आकुर्डीच्या चाळीत आले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन संसाराचा पहिला धडा दिला — नाइट करून आलेल्या माणसाची झोप मोडायची नाही. बाकी काही चुकलं तरी चालेल.

आमच्या चाळीत तिन्ही शिफ्टचे लोक. ज्याची नाइट असेल त्याच्या दाराच्या कडीला रुमाल बांधलेला असे. रुमाल दिसला की कडी वाजवायची नाही. भाजीवालासुद्धा तेवढ्या दारापुरता गप्प व्हायचा आणि पुढे जाऊन दुप्पट ओरडायचा. कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही, पोरांना खाली पिटाळायचं, बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या. मी या कामात इतकी पटाईत झाले की नव्या नवऱ्यांना बायका सांगत — छे, चुकलं, नवऱ्यांना नव्हे, सुनांना! नव्या सुनांना सांगत, शालनकडून शिका. आमची वैशाली लहानपणी रडायच्या आधी दाराकडे बघायची, रुमाल आहे का म्हणून. मला याचा केवढा अभिमान होता! अजूनही थोडा आहेच, खोटं कशाला बोलू?

आणि उठवायचं कामही माझंच. प्रेसच्या आवाजाने यांचे कान तरुणपणीच मंद झाले होते. उशाशी ठेवलेलं गजराचं घड्याळ बिचारं बोंबलून बोंबलून थांबायचं, यांना पत्ता नाही. मग मी जाऊन खांद्याला हात लावायचा. हलवायचंही नाही, नुसता हात लावायचा. की हे टक्क डोळे उघडून उठून बसत, पाय खाली, चपला शोधायला लागत. कंपनीची बस आमच्यामुळे कधी चुकली नाही. मित्रांना हे सांगायचे, "आमच्या घरात गजर न्हाई राव, आमची शालन हाय."

तर असा हा माणूस रिटायर झाला. आम्ही तोवर निगडीला सोसायटीत आलो होतो. वैशाली तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये लागली, लग्न होऊन चिंचवडला गेली. आणि हे दुपारी जेवले की झोपू लागले. सुरुवातीला तासभर. मला कौतुकच वाटलं. जन्मभर दिवसा-रात्रीचा मेळ नव्हता, आता झोपूदे की पोटभर. मी पडदे ओढून घ्यायची, दारावरची बेल बंद करायची, यांचा फोन गप्प करून ठेवायची. कडीला रुमाल तेवढा बांधत नव्हते.

आता माझं सांगते. सांगू ना? सांगतेच.

समोरच्या बिल्डिंगमधल्या मीनाताई एक दिवस गेटपाशी म्हणाल्या, पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर दुपारी बायकांची बॅच सुरू झालीय, येता का? मी हसले. साठी ओलांडलेली बाई मी, पाण्यात कधी गुडघ्याच्या वर गेलेली नाही. आमच्या गावी विहिरीत पोरं उड्या मारायची आणि आम्ही पोरी काठावर धुणं धुवायचो. पण त्या दिवशी हे झोपले, घरात सामसूम झाली, आणि मी पलंगाच्या कडेला बसून विचार केला — मी कुणासाठी गप्प बसलेय? उठले, चपला हातात घेतल्या, दार अलगद ओढून घेतलं आणि गेले!

अहो, काय सांगू तुम्हाला! ती पहिली दुपार! तो निळा पोशाख — पार पोटरीपर्यंतचा, तरी मला वाटत होतं सगळी निगडी माझ्याकडे बघतेय — तो पाण्याचा औषधी वास, ते बायकांचं किंचाळणं! शिकवणारी मुलगी वैशालीपेक्षाही लहान. तिने माझ्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, "काकू, डोकं मागं सोडा. काही होत नाही." मी डोकं सोडलं. कान पाण्याखाली गेले आणि जगाचा आवाजच बंद झाला. आणि मग तिने हात कधी काढून घेतला मला कळलं नाही. मी तरंगत होते! मी! जन्मभर दुसऱ्याच्या शांततेची राखण केलेली बाई, आणि ही शांतता माझ्या एकटीची होती. मी पाण्यात पडल्या पडल्या मोठमोठ्याने हसले आणि नाकातोंडात पाणी गेलं.

घरी आले तेव्हा हे झोपलेलेच होते. मी केस पुसले, अंबाडा घातला, चहा ठेवला, आणि मग आत जाऊन खांद्याला हात लावला. हे उठले. "कसला वास येतोय गं, फिनेल टाकलं का?" मी म्हटलं, हो, बाथरूममध्ये. झालं. एवढंसं खोटं, फिनेलएवढं.

का सांगितलं नाही मी त्यांना? हा प्रश्न मी स्वतःला हजारदा विचारलाय. ते नाही म्हणाले असते का? मुळीच नाही. ते सोबत आले असते! रोज टॉवेल घेऊन फाटकापर्यंत आले असते, बाहेर बसले असते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगितलं असतं की आमची शालन पोहायला शिकतेय. मला ते नको होतं. मला काहीतरी असं हवं होतं जे कुणाला माहीतच नाही. एवढं साधं आहे ते, आणि एवढं आपमतलबी.

पुढचे दिवस तर असे गेले की विचारू नका. मी श्वास धरायला शिकले. एका काठावरून दुसऱ्या काठाला गेले. बॅच संपल्यावर आम्ही बायका पायरीवर बसून भेळ खायचो, कुणाच्या सुनेची नक्कल, कुणाच्या नवऱ्याची. मला घरी जावंसं वाटायचं नाही. आणि गंमत म्हणजे जायची घाईही राहिली नव्हती, कारण यांची झोप लांबत चालली होती. तासाची दोन तासांवर गेली, मग दिवेलागणीपर्यंत. ती लांबतेय हे मला दिसत होतं का? दिसत होतं. मी तिला हातभार लावत होते. भात जरा जास्त, वरणावर तुपाची धार जरा मोठी, वर दही. पडदे मी जाड शिवून घेतले. हे म्हणाले, किती काळजी घेतेस गं माझी.

मग एक दिवस हे खालून, पत्त्यांच्या मंडळीतून, वर आले. सोसायटीच्या गेटजवळच्या शेडमध्ये सगळे रिटायर लोक मेंढीकोट खेळत, आणि आमचे हे त्यात उस्ताद. कोणते पत्ते पडून गेले हे यांना शेवटपर्यंत पाठ असे. तर वर येऊन म्हणाले, आपल्यातले एकजण सांगत होते, म्हाताऱ्या माणसाने दुपारी थोडं पडावं पण फार झोपू नये, डोक्याला बरं नसतं. आणि मलाही हल्ली उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ तेच कळत नाही. परवा डबा मागितला मी तुझ्याकडे, आठवतंय? फर्स्ट शिफ्ट आहे समजून! तेव्हा आम्ही दोघं त्यावर खूप हसलो होतो. आता ते हसत नव्हते. म्हणाले, "तू मला तीनला उठवत जा. गजर मला ऐकू येत न्हाई, तुला ठाऊकच हाय."

तीनला! बॅच अडीचला सुरू व्हायची.

मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी गेले तलावावर. मनात म्हटलं, आज लवकर निघू. निघाले नाही. त्या दिवशी आम्ही खोल पाण्यात उतरणार होतो, पहिल्यांदाच, तुम्हीच सांगा कशी निघू? खोल पाणी! पायाखाली काही नाही आणि तरी आपण वर! मी त्या दिवशी काठाला हात न लावता तिथे राहिले, बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आले तर खिडकीबाहेर उजेड कमी झालेला, आणि हे पलंगावर उठून बसलेले. केस विस्कटलेले, नजर कुठेतरी. मी पदर डोक्यावर घेतला, केस ओले होते ना. त्यांनी विचारलं, "उठवलं न्हाईस?"

आणि माझ्या तोंडातून निघालं — "उठवलं होतं की मी! हं म्हणालात आणि कूस बदलून परत झोपलात."

हे इतकं सहज निघालं, बघा. मी ठरवलं नव्हतं. पण निघाल्यावर मागेही घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या खांद्याकडे बघितलं, जसं काही तिथे खूण असेल. म्हणाले, "असं? मला आठवतच न्हाई की." त्यांचा चेहरा अजून समोर आहे माझ्या. त्यांनी माझ्यावर शंका घेतली नाही. एकदाही नाही. त्यांनी शंका स्वतःवर घेतली.

दुसऱ्या वेळी सोपं गेलं. तिसऱ्या वेळी तर मी त्यात रंग भरला — डोळेसुद्धा उघडलेत, पाणी मागितलंत, मी दिलं, प्यायलात. प्यायलो? हो, तांब्या बघा अर्धा झालाय. तांब्यातलं पाणी मी मोरीत ओतलं होतं. हे सांगायला नको वाटतंय. पण तुम्हाला सांगायचं तर सगळंच सांगायला हवं ना? त्या पाण्याची काही गरज नव्हती. नुसतं खोटं पुरलं असतं.

आणि तलावाला सोमवारी सुट्टी. सोमवारी मी घरी असे, तीनला जाऊन खांद्याला हात लावत असे. हे पहिल्या स्पर्शाला उठत, तोंड धुऊन खाली पत्त्यांना जात, संध्याकाळी हसत वर येत. म्हणत, आज बघ, आज बरोबर उठलो! मी म्हणे, हो, आज उठलात. शाबासकी द्यायची मी त्यांना. त्यातूनही मला काही कळू नये? कळत होतं. सगळं कळत होतं.

हळूहळू ते खाली जाईनासे झाले. मी विचारलं तर म्हणाले, पत्ते ध्यानात राहत नाहीत, लोक हसतील. खरं तर तेव्हा ते राहत होते. मीनाताईंचे मिस्टरच मला म्हणाले होते, तुमच्या घरच्यांसारखा भिडू नाही, पाठवा ना त्यांना. पण यांनी स्वतःचं ठरवून टाकलं होतं की आपलं डोकं कामातून चाललंय. ज्याला बायकोने उठवलेलं, पाणी दिलेलं आठवत नाही, त्याने पत्त्यांचा काय भरवसा धरावा? मग खाली जाणं बंद, म्हणजे बोलणं बंद. बोलणं बंद म्हणजे दुपारभर करायचं काय — झोप. आणि ती झोप मला हवीच होती.

वैशालीने एकदा फोनवर विचारलं होतं, "आई, बाबा फार झोपतात का गं? डॉक्टरला दाखवूया का?" मी म्हटलं, अगं शिफ्टवाला माणूस तो, जन्माची झोप राहिलीय, झोपूदे. तिलाही ते पटलं. आमच्या घरात वाढलेली ती, तिला न पटून कसं चालेल? झोपलेल्या माणसाला हात लावायचा नाही हे तिला मीच शिकवलं होतं.

मग खरं विसरणं आलं. गॅस चालू राहिला. चिंचवड स्टेशनवरून घरी यायचा रस्ता चुकले, आकुर्डीच्या जुन्या चाळीपाशी जाऊन उभे राहिले. चाळ कधीच पाडलेली, तिथे आता गाड्यांचं शोरूम आहे. वैशाली रजा टाकून आली आणि आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो.

डॉक्टर चांगले होते, शांत. म्हणाले, दुपारची थोडी डुलकी वाईट नसते. पण या वयात ती लांबतच चालली तर घरच्यांनी लक्ष द्यायचं असतं. कधी ती येणाऱ्या आजाराची खूण असते, कधी तीच माणसाला लोकांतून उठवते आणि भर घालते, नेमकं किती कशामुळे ते सांगता येत नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं. मग त्यांनी यांना विचारलं, आजोबा, विसरायला कधीपासून होतंय? आणि हे म्हणाले, ओरडूनच म्हणाले, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं — "ही मला दुपारी उठवायची आन् मला आठवायचं न्हाई. तिथून सुरू झालं सायेब."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ झोपायचे तेव्हा? मी म्हटलं, तास-दीड तास. वैशालीने माझा हात हातात घेतला. तिला वाटलं मला रडू येतंय म्हणून आवाज बसलाय. त्या क्षणी बोलता आलं असतं. खरं तर तीच वेळ होती — आजार कुठून सुरू झाला हे शोधणाऱ्या माणसासमोर मी बसले होते, आणि तो जिथून मोजत होता ती जागा मी रचलेली होती. मी गप्प बसले. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आता त्यांना दुपारी अर्धाच तास झोपू देते. पडदे पातळ लावलेत. आणि मी पोहते, हो, अजून पोहते! सकाळच्या बॅचला, उघडपणे. वैशालीला वाटतं मी या वर्षीच शिकले, तिने मला टोपी आणून दिली. हे बरोबर येतात, फाटकाबाहेरच्या बाकावर बसतात आणि वॉचमनला सांगतात आमची शालन पोहायला शिकतेय. रोज नव्याने सांगतात. मी लांबून ऐकते आणि उडी मारते, आणि पाण्यात शिरताना अजून तसाच आनंद होतो मला, अंगभर होतो. तो कमी व्हायला हवा होता, असं मला वाटतं. झाला नाही.

मागच्या आठवड्यात तलावावरून परत आल्यावर त्यांची नजर अगदी स्वच्छ होती. असे दिवस असतात. पेपर वाचत होते, माझ्याशी गावाकडच्या जमिनीबद्दल बोलत होते, नावं बरोबर घेत होते. मला वाटलं, आत्ता. मी समोर बसले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. पाणी मोरीत ओतलं तेही सांगितलं. तुम्ही विसरत नव्हता, मी उठवतच नव्हते. ओरडून सांगावं लागलं, म्हणून खिडकी लावून घेतली होती.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि समजूत काढायच्या स्वरात म्हणाले, "असं कसं? तू उठवायचीस की. खांद्याला हात लावायचीस, मी हं म्हणायचो, कूस बदलायचो. पाणीबी द्यायचीस. मला चांगलं आठवतंय. उगं माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नकोस."

लेकीचं लग्न त्यांना धड आठवत नाही. चाळ पाडली हे आठवत नाही. हे मात्र आठवतं, आणि ते सगळ्यांना सांगतात — वॉचमनला, डॉक्टरांना, वैशालीला — की ही बिचारी रोज उठवायची, मीच कूस बदलून झोपायचो.

असं एकदाही घडलेलं नाही. हात लावला की ते उठायचे.